नव्या आवृत्तीचे नियम, जुनं कॅम्पेन: हाउस रूल करण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवृत्त्यांच्या नावांचा घोळ होऊ नये म्हणून आधी एवढंच. खाली 'जुनी' म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळाच्या विसाव्या शतकातल्या आवृत्त्या, 'साडेतीन' म्हणजे २००३ ची, 'चौथी' म्हणजे २००८ ची, 'पाचवी' म्हणजे २०१४ ची आणि 'सुधारित पाचवी' म्हणजे २०२४ पासून आलेली पुस्तकं. कॅम्पेन म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट, हाउस रूल म्हणजे टेबलाने स्वतः ठरवलेला नियम.

आमचं कॅम्पेन अर्ध्यावर आलंय. नवी पुस्तकं आली म्हणून सगळं बदलायला हवं का?

नाही. तुमच्या टेबलावरची जुनी पुस्तकं रातोरात चुकीची झालेली नाहीत. कॅम्पेन छान चाललं असेल तर ते संपेपर्यंत काहीही बदलू नका. एखादी गोष्ट खरंच खुपत असेल, उदाहरणार्थ दर सेशनला त्याच नियमावर दहा मिनिटं वाद होत असेल, तर तेवढ्यापुरतं नव्या पुस्तकात काय केलंय ते बघा. 'नवीन आहे' हे कारण पुरेसं नाही.

म्हणजे फक्त एक-दोन नियम उचलले तर चालतील? फसवणूक नाही ना ती?

फसवणूक कसली? हा खेळ तसाच वाढलाय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या पहिल्या पुस्तिका १९७४ ला आल्या तेव्हा त्या इतक्या त्रोटक होत्या की प्रत्येक टेबलाला अर्धे नियम स्वतःच ठरवावे लागत. उलटा प्रवासही होतो. पाचवीत औषधाची बाटली पिण्यात पाळीतली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन जायची. वैतागून असंख्य टेबलांनी ते जोडीच्या छोट्या कृतीवर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर आणलं, आणि सुधारित पाचवीत हीलिंग पोशन बोनस अ‍ॅक्शननेच पितात. काल जो घरचा नियम होता तो आज छापील झाला.

नियम उघडच जास्त चांगला आहे. थेट लावायला हरकत काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नवा नियम वाचताना तो काय देतो हे लगेच दिसतं. जुना नियम गुपचूप काय सांभाळत होता ते दिसत नाही, कारण ते त्या नियमाच्या परिच्छेदात लिहिलेलंच नसतं. ते दुसऱ्याच पानावर, एखाद्या क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) वर्णनात किंवा एखाद्या स्पेलच्या शेवटच्या ओळीत असतं.

सरप्राइज घ्या. पाचवीत बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी वाया जायची, ना हालचाल ना अ‍ॅक्शन. अशा हल्ल्यात अर्धी लढाई तिथेच निकालात निघायची. सुधारित पाचवीत बेसावध असलेल्याला फक्त इनिशिएटिव्हच्या, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या, फाशावर दोनदा टाकून लहान आकडा घेण्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो, बाकी तो खेळतो. सौम्य, सुटसुटीत नियम. मी तो वाचल्याच्या आठवड्यात लावला आणि दुसऱ्याच सेशनला आमच्या असॅसिनने (छुप्या मारेकऱ्याने) शीट माझ्यासमोर धरली. २०१४ च्या असॅसिनची मुख्य ताकद अशी की बेसावध शत्रूला लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट. माझ्या नव्या नियमात 'बेसावध असणं' ही अवस्थाच उरली नव्हती. एका फाशापुरता तोटा, मग सगळे सावध. म्हणजे मी नकळत एका खेळाडूचा तिसऱ्या लेव्हलपासूनचा कणाच काढून घेतला होता. सुधारित आवृत्तीत असॅसिनही बदललाय: त्याला इनिशिएटिव्हवर अ‍ॅडव्हान्टेज आहे आणि पहिल्या फेरीत ज्याची पाळी आलेली नाही त्याच्यावरच्या हल्ल्यातही. नियम आणि क्लास जोडीने बदलले होते. मी जोडीतला एकच उचलला.

म्हणून उचलण्याआधी एक काम करा. त्या नियमातला कळीचा शब्द घ्या ('सरप्राइज', 'एक्झॉशन', 'ग्रॅपल', जो असेल तो) आणि तुमच्या टेबलावरच्या प्रत्येक कॅरेक्टर शीटवर तो शोधा. पूर्ण पुस्तक चाळायची गरज नाही. पाच शीट, वीस मिनिटं.

मग डोळे झाकून लावता येतील असे कुठले?

पोशनचा नियम. 'ब्लडीड' हा शब्द, म्हणजे हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) निम्म्यावर किंवा त्याखाली आले की तसं जाहीर करणं: चौथीतून आला, पाचवीत गायब झाला, सुधारितमध्ये परतला. नुसतं जाहीर करण्याने कुठलंही गणित हलत नाही आणि 'किती उरलेत त्याचे?' हा प्रश्न बंद होतो. हीलिंगचे वाढवलेले फासेही बहुधा चालतात: क्युअर वूंड्स १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) ऐवजी २डी८, हीलिंग वर्ड १डी४ ऐवजी २डी४. पाचवीत लढाई चालू असताना हीलिंग इतकं तोकडं पडायचं की हा बदल कुणालाही खुपणार नाही. लढाया थोड्या लांबतात, बस.

आम्ही अजून जुनी दुसरी आवृत्ती खेळतो. थॅकोच्या (आर्मर क्लास शून्य असलेल्याला मारायला लागणारा फाशाचा आकडा) वजाबाकीने नवे खेळाडू पळून जातात.

हा बदल हाउस रूल म्हणण्याइतकासुद्धा नाही, फक्त मोजण्याची दिशा फिरते. २० मधून जुना आर्मर क्लास (बचावाचा आकडा) वजा करा, नवा मिळेल. २० मधून थॅको वजा करा, हल्ल्याचा बोनस मिळेल. थॅको १७ आणि समोर आर्मर क्लास ४ असेल तर पूर्वी १३ लागायचे. आता बोनस +३ आणि आर्मर क्लास १६, तरी १३ च लागतात. शक्यता तसूभर बदलत नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आर्मर क्लास चढताच मोजला जातो. मॉन्स्टरच्या नोंदींवर पेन्सिलने नवा आकडा लिहून ठेवा, संपलं.

मग त्याच ओघात पाच सेव्हिंग थ्रोच्या (जादू, विष वगैरेंतून वाचायला टाकायच्या फाशांच्या) जागी फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल असे तीनच घेऊ का? तेही सोपे आहेत.

थांबा. दिसायला हा थॅकोसारखाच बदल आहे, पण आतून अगदी वेगळा.

जुन्या आवृत्त्यांत सेव्ह तुमच्या लेव्हलवर ठरतो. समोरचा जादूगार कितीही मोठा असो, त्याने तुमचा आकडा बदलत नाही. दुसरीतला सतराव्या लेव्हलचा फायटर स्पेलविरुद्ध ६ किंवा जास्त आले की वाचतो, म्हणजे ७५ टक्के वेळा. साडेतीनमध्ये मात्र सेव्हचा आकडा स्पेल टाकणाऱ्याकडून येतो. सतराव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स २६ असलेला विझर्ड नवव्या लेव्हलचा स्पेल टाकतो तेव्हा तो आकडा १० अधिक ९ अधिक ८, म्हणजे २७. फायटरचा विल सेव्ह त्या लेव्हलला +५. विझडम साधारण असेल तर २० पडल्याशिवाय सुटका नाही. ७५ टक्क्यांवरून ५ टक्के! जादूच्या वस्तू थोडंफार सावरतात, पण त्या वाटणं मग तुमच्या मागे लागतं.

जुन्या नियमात अनुभवी फायटर जादूला पुरून उरायचा. तो समतोल त्या किचकट तक्त्यात लपलेला होता. तक्ता अवघड वाटत असेल तर पाच आकडे शीटवर मोठ्या अक्षरांत लिहा, पण तक्ता ठेवा.

अनुभवाच्या तक्त्यांचंही असंच आहे. दुसरीत थीफ १,२५० पॉइंटला दुसऱ्या लेव्हलला जातो आणि विझर्डला २,५०० लागतात. सगळ्यांना एकच तक्ता लावणं न्याय्य वाटतं, पण लवकर चढणं हीच थीफच्या दुबळेपणाची भरपाई होती.

साडेतीनमध्ये छोट्या छोट्या +२ ची बेरीज करून डोकं उठतं. त्याऐवजी पाचवीचा अ‍ॅडव्हान्टेज लावू?

मोह समजतो. दोन फासे टाका, मोठा घ्या. शिकवायला दहा सेकंद लागतात. पण किंमत बघा. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता ७५ होते, म्हणजे थेट +५ मिळाल्यासारखं. २० च हवे असतील तर ५ वरून ९.७५, म्हणजे जेमतेम +१. पाचवीत बोनस मुद्दाम आटोक्यात ठेवलेत (प्रोफिशियन्सी, म्हणजे सरावाचा बोनस, +२ पासून +६ पर्यंतच), त्यामुळे लागणारा आकडा बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात राहतो आणि अ‍ॅडव्हान्टेज नीट काम करतो. साडेतीनमध्ये आकडे दोन्ही टोकांना पळतात.

शिवाय तिथे पॉवर अटॅक बसलाय. हल्ल्याचा बोनस जितका सोडाल तितकी इजा वाढते, दोन हातांच्या शस्त्राला दुप्पट. फ्लँकिंगच्या (शत्रूला दोन बाजूंनी घेरल्याच्या) +२ ऐवजी अ‍ॅडव्हान्टेज दिलात की बार्बेरियन तो सगळा फायदा पॉवर अटॅकमध्ये ओतणार. तो खेळाडू हुशार असेल तर पहिल्याच लढाईत.

करायचंच असेल तर लढाईबाहेर करा: चढणं, लपणं, पटवणं. तिथे तो छान बसतो. हल्ल्यांना जुने +२ राहू द्या.

कॉन्सन्ट्रेशनचं काय? साडेतीनमध्ये लढाईआधी अर्धा तास स्पेल चढवण्यात जातो.

हा मात्र उचलावा असा आहे, फक्त पूर्ण उचला. पाचवीत लक्ष लावून चालू ठेवायचा स्पेल एका वेळी एकच टिकवता येतो. इजा झाली तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, आकडा १० किंवा इजेच्या निम्मा, जो मोठा असेल तो. उडणं, अदृश्य होणं आणि हेस्ट एकाच विझर्डकडून एकाच वेळी मिळणं बंद होतं. साडेतीनच्या वरच्या लेव्हलना विझर्ड आणि क्लेरिक बाकीच्यांना झाकोळून टाकतात, त्यावर इतका स्वस्त उतारा दुसरा मला माहीत नाही.

पण तीन ठिकाणी अडखळाल. एक, साडेतीनमध्ये 'कॉन्सन्ट्रेशन' नावाचं स्किल आधीच आहे. ते मुख्यतः स्पेल टाकताना लागतं, आणि ज्या मोजक्या स्पेलना सतत लक्ष द्यावं लागतं ते टिकवतानाही. नव्या नियमाला 'लक्ष' किंवा 'पकड' असं काहीतरी दुसरं नाव द्या, नाहीतर प्रत्येक वेळी 'कुठलं कॉन्सन्ट्रेशन?' हा प्रश्न येईल. दोन, कुठल्या स्पेलला तो लागू ते तुम्हाला ठरवून यादी करावी लागेल. मेज आर्मरला पाचवीतही लागत नाही, तेव्हा सरसकट सगळ्यांना लावू नका. तीन, आणि हे विसरलं जातं: तुमचे जादूगार शत्रूही दुबळे होतात. साडेतीनचे लिखित अ‍ॅडव्हेंचर वापरत असाल तर खलनायकाने आधीच पाच स्पेल चढवलेत असं त्यात लिहिलेलं असतं. त्यातला एक ठेवा आणि त्याला दोन अंगरक्षक जास्त द्या.

१९८१ च्या बेसिकमधल्या (याच खेळाच्या सोप्या संचातल्या) पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे दिवसाला एकच स्पेल. पाचवीचे कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल, देऊ का? बिचारा बसून राहतो.

बिचारा खराच. पण फायर बोल्ट १डी१० इजा करतो, तीही १२० फुटांवरून. त्या आवृत्तीत जादूगाराच्या हातात फक्त खंजीर, शस्त्रागणिक इजा मोजली तर १डी४. गॉब्लिनचे हिट पॉइंट सरासरी ३.५ च्या आसपास. म्हणजे सगळ्यात नाजूक कॅरेक्टर एका क्षणात पार्टीतला सगळ्यात घातक धनुर्धर होतो.

आणि इजा हा त्यातला लहान भाग. खरा गोंधळ लाइट या निरुपद्रवी कॅन्ट्रिपने होतो. बेसिकमध्ये मशाल सहा टर्न जळते, म्हणजे एक तास. किती मशाली घ्यायच्या, कोण धरणार, ज्याने धरली त्याच्या हातात ढाल कशी राहणार, विझली तर परतायचं कसं, या सगळ्या प्रश्नांवर तो खेळ उभा आहे. फुकट, न संपणारा उजेड दिला की ते सगळे प्रश्न एकदम नाहीसे होतात आणि उरतो तो नुसता खोल्यांचा नकाशा. आमच्याकडे हे झालं तेव्हा खेळाडू खूश होते, तीन सेशननंतर कंटाळले, आणि का कंटाळलो हे कुणालाच सांगता येईना.

द्यायचंच तर १डी४ इजेचा, जवळच्या पल्ल्याचा एक छोटा ठिणगीचा कॅन्ट्रिप द्या. उजेड नको.

शून्यावर आलं की मृत्यू फार कठोर वाटतो. डेथ सेव्ह आणू?

आणा. तीन यश की तीन अपयश, १० किंवा वर आले की यश. जुन्या खेळात हे सहज बसतं. फक्त विषाचं विसरू नका. जुन्या आवृत्त्यांत विषाचा सेव्ह हुकला की बऱ्याचदा कॅरेक्टर हिट पॉइंटांना हात न लावता सरळ मरतो. डेथ सेव्ह त्याला लागू की नाही, हे पहिला कोळी चावायच्या आधी ठरवा.

चौथीतले मिनियन पाचवीत आणायचेत. एक हिट पॉइंटचे वीस शत्रू, मस्त लढाई!

मस्तच. त्यांचा दुसरा नियमही सोबत घ्या: हल्ला चुकला तर मिनियनला काहीच होत नाही. म्हणजे फायरबॉलमधून सेव्ह केलेला मिनियन निम्म्या इजेनेही मरत नाही.

आणि पार्टीत कुणाकडे २०१४ चा स्लीप आहे का ते बघा. तो ५डी८ हिट पॉइंटांएवढे शत्रू झोपवतो, सगळ्यात कमी हिट पॉइंटवाल्यांपासून सुरुवात करून. सरासरी २२.५. पहिल्या लेव्हलचा एक स्पेल, आणि तुमचे वीसच्या वीस घोरायला लागतील. सुधारित पाचवीतला स्लीप छोट्या वर्तुळापुरता आणि विझडम सेव्हवर आहे, तोच लावून टाका.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या तीन अ‍ॅक्शन पाचवीत?

नको. पाचवीतल्या अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शनच्या वाटणीवर जवळपास प्रत्येक क्लास उभा आहे. ती काढायची तर सगळे क्लास पुन्हा लिहावे लागतील. त्यापेक्षा २०१९ चा तो खेळच खेळा, चांगला आहे. दहाने जास्त आले की क्रिटिकल, हा त्यातला नियमही तिथेच शोभतो, कारण तिथे लेव्हल थेट बोनसमध्ये मिळवली जाते.

नवा एक्झॉशन (थकव्याचा नियम) जुन्यापेक्षा सौम्य आहे ना?

सोपा आहे. सौम्य म्हणणं धाडसाचं. २०१४ मध्ये पहिल्या पायरीला फक्त अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हान्टेज, हल्ले आणि सेव्ह तिसऱ्या पायरीपर्यंत शाबूत. नव्यात प्रत्येक पायरीला डी२० च्या प्रत्येक चाचणीतून २ वजा आणि वेग ५ फुटांनी कमी. सहाव्या पायरीला मृत्यू दोन्हीकडे. म्हणजे वरच्या पायऱ्यांवर नवा नियम कमी क्रूर, पण पहिल्या पायरीवर जास्त बोचरा. फ्रेन्झी वापरून दर वेळी एक पायरी थकणाऱ्या २०१४ च्या बर्सर्करला विचारा. सुधारित बर्सर्कर फ्रेन्झीने थकतच नाही, तेव्हा नियम आणलात तर त्याला तेवढी सूट द्या.

प्रवास, उपासमार, थंडी यांवर बेतलेलं कॅम्पेन असेल तर मी नवाच घेईन. जुन्यात तिसऱ्या पायरीनंतर कुणी पुढे जायलाच तयार होत नाही.

एकाच टेबलावर २०१४ आणि २०२४ ची कॅरेक्टर चालतील?

चालतात, सुधारित पुस्तकं त्याच हिशोबाने केलीत. पण २०२४ च्या फायटरला वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास डाव) मिळते आणि शेजारच्या २०१४ च्या फायटरला नाही, तेव्हा जुन्यालाही ती देऊन टाका. सूचना एवढीच की टॉपल ही समोरच्याला पाडणारी मास्टरी दर घावाला समोरच्याकडून सेव्ह मागते. चार हल्ले करणाऱ्याच्या हातात ती असेल तर घड्याळ बघत बसाल. आणि पॅलाडिनला आधी सांगा: डिव्हाइन स्माइट (त्याचा दैवी घाव) आता स्पेल आहे, बोनस अ‍ॅक्शन खातो. हे त्याला लढाईत कळलं तर भांडण नक्की.

नियम आणल्याने एकाच खेळाडूचं नुकसान होतंय. बहुमताने पास केला तर?

बहुमत इथे वाईट हत्यार आहे. ग्रॅपलचं, म्हणजे शत्रूला पकडून ठेवण्याचं, उदाहरण बघा. पूर्वी दोघांच्या चेकची चढाओढ असायची, म्हणून अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) घेतलेला रोग (चोरासारखा चपळ क्लास) राक्षसालाही दाबून धरायचा. आता समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह करतो, त्यामुळे ती एक्स्पर्टीज पकडण्याच्या कामी येत नाही. वर लेजंडरी रेझिस्टन्स असलेला मॉन्स्टर हुकलेला सेव्हही यशस्वी करून सुटतो. चार जणांना याने काहीच फरक पडत नाही, म्हणून चौघे हात वर करतात. पाचव्याचं कॅरेक्टर संपतं.

आमच्याकडे रिवाज असा: ज्याच्या शीटवर घाव बसतो त्याचं मत पहिलं, आणि त्याला ती निवड फुकट बदलून मिळते. तरीही तो नाही म्हणाला तर नियम पुढच्या कॅम्पेनपर्यंत थांबतो.

लिहून ठेवायलाच हवं का? पाचच जण आहोत.

हो. पाच जणांच्या आठवणीत एकाच नियमाच्या पाच आवृत्त्या तयार होतात. एक कागद, दोन्ही बाजू, त्यापेक्षा जास्त नाही. तेवढ्यात मावत नसेल तर तुम्ही नवा खेळ लिहिताय, आणि तसं असेल तर मजा करा, पण त्याला हाउस रूल म्हणू नका. प्रत्येक नियमाच्या शेजारी तो का आणला हे एका ओळीत लिहा. वर्षभराने ती ओळच उपयोगी पडते.

आमचे हाउस रूल ऑनलाइन टाकले तर चालतं?

स्वतःच्या टेबलावर काय खेळता याला कुणाची परवानगी लागत नाही. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा छापायचा असेल तर सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंटमधला (प्रकाशकाने खुल्या केलेल्या नियमांमधला) घ्या. ५.१ जानेवारी २०२३ पासून आणि सुधारित नियमांचं ५.२ एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे. श्रेयाची ठरलेली ओळ जोडली की वापरता येतं. त्याबाहेरचा मजकूर आपल्या शब्दांत मांडा.

नियम चालला नाही तर मागे कसा घ्यायचा? लाज वाटते.

लाज कमी वाटावी म्हणून आणतानाच 'तीन सेशनपुरता' असं म्हणून आणा. तिसऱ्या सेशनच्या शेवटी विचारा. कुणी ठामपणे 'राहू दे' म्हणालं नाही तर तो आपोआप जातो. लढाईच्या मध्यात कधीही काढू नका, तोटा तुमच्या मॉन्स्टरचा होत असेल तरी. आणि त्या नियमामुळे कुणी मेलं असेल तर ते मेलेलंच राहू दे की परत आणायचं, हे त्या खेळाडूला एकट्याला बाजूला घेऊन विचारा. सरप्राइजचा नियम मी मागे घेतला तेव्हा असॅसिनवाल्याने फक्त त्या एका हुकलेल्या पहारेकऱ्यावर पुन्हा फासा टाकायला मागितला. टाकला, २ आले.